अप्रत्यक्ष हातभार

आमच्या तालुक्याच्या गावातल्या हायस्कुलात दोनच प्रकारची मुलं होती. स्टेजवर जाणारी आणि स्टेज लावणारी. पहिल्या प्रकारात जायला पाठांतर, गोड गळा किंवा शिक्षकाच्या घरी जन्म, यांपैकी काहीतरी लागायचं. दुसऱ्यांची निवड पी.टी.चे सर वर्गाच्या दारात उभं राहून करत. "गणिताच्या तासाला नसली तरी ज्यांचं काही बिघडणार नाही अशी पाच-सहा जणं चला रे." आम्ही उठायचो. गणिताचे सर इतक्या चटकन परवानगी देत, की दुसऱ्या कुणाला वाईट वाटलं असतं.

काम म्हणजे बाकं हलवायची. ज्याला 'सहशालेय उपक्रम' असं भारदस्त नाव आहे, त्यातला एकही उपक्रम बाकं हलवल्याशिवाय होत नाही. व्याख्यान असलं की बाकं हॉलमध्ये, विज्ञान प्रदर्शन असलं की भिंतीकडेनं, गॅदरिंग असलं की सुतळीनं एकमेकांना बांधून वर फळ्या आणि सतरंजी. त्यालाच स्टेज म्हणायचं. नाचताना मुली मध्येच दचकत, त्याला पाहुणे अभिनय समजत. खरं तर तिथली फळी सरकलेली असे.

1 ऑगस्टला आमचा हंगाम सुरू व्हायचा. 1920 साली त्याच तारखेला लोकमान्य टिळक गेले आणि त्याच दिवशी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. म्हणून शाळेत दोन तसबिरी, दोन हार आणि काटकसरीनं एकच नारळ. वक्तृत्वाला जो उभा राही तो टिळकांच्या वर्गातली शेंगांची टरफलं सांगे. भाषणाचा कागद थोरल्याकडून धाकट्याकडे उतरत आलेला असायचा. एका मुलीनं भावाचाच कागद पाठ केला होता. तिनं छाती पुढे काढून "मी या शाळेचा एक नम्र विद्यार्थी" अशी सुरुवात केली आणि शेवटपर्यंत पुल्लिंगातच राहिली. "मी टरफलं उचलणार नाही" हे जो सगळ्यांत करारी आवाजात म्हणेल त्याला पहिला नंबर. कार्यक्रम संपल्यावर हॉलमधली खरीखुरी टरफलं मात्र आम्ही उचलायचो. तक्रार नव्हती. शेंगाही आम्हीच खाल्लेल्या असत, त्यामुळे तत्त्वाचा प्रश्न येत नसे.

आम्हाला अण्णाभाऊ जास्त जवळचे वाटत. ते जेमतेम दीड दिवस शाळेत गेले, हे दर भाषणात यायचं आणि मागच्या रांगेत आमचे कान टवकारायचे. एका वर्षी आमच्यातल्या एकानं हे इतकं मनावर घेतलं, की कार्यक्रम संपताच दप्तर उचलून तो गेटकडे निघाला. मराठीच्या सरांनी त्याला गेटवर गाठलं. "अण्णाभाऊंनी दीड दिवसात 'फकिरा' लिहिण्याइतकं शिकून घेतलं. तू पाचवीपासून येतोयस, निदान वाच तरी," म्हणत लायब्ररीची प्रत हातात कोंबली. पठ्ठ्यानं ती खरंच वाचली. नंतर काही दिवस तो आमच्यात बसेना. बाक मात्र उचलायला यायचा.

सप्टेंबरअखेरीला एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा येत. कला संचालनालय त्या घेतं आणि आसपासच्या गावांतली पोरं ड्रॉइंग बोर्ड काखेत मारून एस.टी.नं आमच्या केंद्रावर उतरत. वस्तुचित्राच्या पेपराला बाकं गोलाकार मांडायची, मध्ये स्टूल, त्यावर तांब्या, कापड आणि केळी. एका वर्षी पेपर संपल्यावर कागद गोळा करताना ड्रॉइंगच्या सरांच्या लक्षात आलं, की दाराकडच्या मुलांच्या चित्रात तीनच केळी आहेत आणि खिडकीकडच्यांच्या चित्रात चार. आमच्याकडे संशयानं पाहिलं गेलं. पुरावा मिळाला नाही. तपासनिसांनी त्याची काय संगती लावली असेल, या विचारानं मला आजही हसू येतं.

क्रीडास्पर्धांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फक्की मारायची, खो-खोचे खांब रोवायचे, हरलेल्या संघाला पाणी द्यायचं. तो संघ बहुधा आमचाच असे.

आमचा खरा मान गॅदरिंगला. पडद्याची दोरी ज्याच्या हातात, तो त्या रात्री हेडसरांपेक्षा मोठा. चहा त्याला आधी मिळे. एकदा अफजलखानाचा वध ठरला होता. खान दहावीतला, वजनदार, पोटाला उशी बांधून आणखी वजनदार केलेला. वाघनखं लागली, खान कोसळला, टाळ्या पडल्या, मी दोरी ओढली. पडदा पडला आणि खान पडद्याच्या अलीकडे, प्रेक्षकांत! मेलेल्या माणसानं उठून कसं जायचं? पी.टी.चे सर विंगेतून ओरडले, "बाक, बाक!" म्हणजे बाक उचलता तसा उचला. आम्ही चौघं बाहेर आलो, दोन टोकं धरली आणि निघालो. सवयीनं मागच्यानं पायऱ्यांवर टोक खाली टेकवलं. "डोकं सांभाळा की लेको," हे खानाचं मरणोत्तर वाक्य खालच्या माइकनं साऱ्या गावाला ऐकवलं. त्या वर्षीचं उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस खानालाच गेलं. शिवाजी झालेला मुलगा आठवडाभर घुश्शात होता.

मार्चमध्ये दहावीचं केंद्र. तेव्हा आम्ही नववीत असूनही दहावीवाले आमच्याशी अदबीनं बोलत. खडूनं बाकावर बैठक क्रमांक घालायला आम्हीच असायचो आणि कोणतं बाक डुगडुगतं हे आमच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. एका वड्याला साधं बाक, दोन वड्यांना पंख्याखालचं. नंबर बदलता येत नसे. बाक बदलता येई.

स्टेजवरच्यांना सहभागाची प्रमाणपत्रं मिळाली. त्यांच्या आयांनी ती लॅमिनेट करून ठेवली आहेत. आमची नोंद कुठेच नाही, असं मी समजून होतो. मग पोरीच्या गॅदरिंगला पालक म्हणून खुर्चीवर बसलो आणि आयुष्यात प्रथमच आभारप्रदर्शन पुरतं ऐकलं. "ज्यांनी प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हातभार लावला त्या सर्वांचे..." त्यातले अप्रत्यक्ष म्हणजे आम्ही! शाळेत हे वाक्य कानावर पडलंच नव्हतं, कारण आभार सुरू झाले की पी.टी.चे सर मागून शिट्टी मारत आणि आम्ही शेवटच्या रांगेपासून खुर्च्या मिटायला लागत असू. त्या रात्रीही मागे खुर्च्यांचा खडखडाट चालूच होता.

तेव्हा समस्त मुख्याध्यापकांना हात जोडून विनंती. आभार संपेपर्यंत खुर्च्या मिटायला लावू नका. तेवढं एक वाक्य पोरांना बसून ऐकू द्या, मग पहाटेपर्यंत काय म्हणाल ते उचलतील.