पाचांमुखी वार्ता
बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 साली ‘दर्पण’ काढून मराठी माणसास वृत्तपत्रवाचनाची जी खोड लावली, तिच्या जाचातून आमचे पालघरचे माहीम अखेर मुक्त झाले, याबद्दल आनंद प्रकट करणे मी कर्तव्य समजतो. पूर्वी वर्तमानपत्र आगगाडीने पालघर स्थानकात उतरावे, पानवाडीतून परतलेल्या आजोबांनी चष्मा पुसून ते शेवटच्या जाहीर नोटिशीपर्यंत वाचावे, आणि संध्याकाळी सातला दूरदर्शनने त्याची रुजवात घालावी, असा वेळकाढू शिरस्ता होता. आता बातमी घडण्याची वाट न पाहता हातात येते. व्हॉट्सॲपने 2018 साली हिंदुस्थानात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी धाडण्याचे बंधन घातले, त्याच्या मुळाशी ‘पाचांमुखी परमेश्वर’ हेच तत्त्व असणार; तेव्हा खातरजमेचे कलम आपोआप बरखास्त झाले.

गेल्या मंगळवारी आळीच्या ग्रुपवर माझ्या निधनाची वार्ता आली. छायाचित्र माझेच होते, खाली बेचाळीस जणांनी हात जोडले होते. शंकेस जागाच न उरल्याने मीही हात जोडले व मजकूर पाच ठिकाणी रवाना केला. मेहुण्यांनी तेवढे उलट टपाली कळविले, की ही त्यांना कालच आली होती.