साधंच कर हो!

"आमच्यासाठी काही करत बसू नकोस, साधा वरण-भात पुरे," असं फोनवर सांगणाऱ्या पाहुण्यांपासून सावध राहावं. त्यापेक्षा पुरणपोळी मागणारा परवडला. त्याची मागणी एका शब्दात संपते. साधेपणाला मात्र पोटकलमं असतात. वरण तुरीचंच हवं, पण आत्याबाईंना तुरीने पित्त होतं, म्हणून त्यांच्यापुरतं मुगाचं. चातुर्मास आहे, म्हणजे आषाढीपासून कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण आणि वांगी बाद. भात काकांना मोकळा, काकूंना आसट. पोळी तव्यावरून थेट ताटात, म्हणजे करणारीने जेवायचं सगळ्यांच्या शेवटी. कोल्हापूरचे मामा गोड्या मसाल्याच्या आमटीकडे गुळाचं पाणी वाढल्यासारखं बघतात आणि पिशवीतून घरची कांदा-लसूण चटणी काढतात. चातुर्मासवाल्या काकू ती बाटली दिसली नाही असं दाखवतात. वासाला बंदी नसते. भाच्याला यातलं काहीच चालत नाही. त्याला नूडल्स लागतात, आणि त्यांची मात्र सगळेच 'नुसती चव बघतात'. चारही बर्नर अडवून साधं जेवण उरकलं की हात धुताना शेरा मिळतो: "छान झालं होतं हो, पण एवढा घाट कशाला घातलास?"