आमचे भाऊजी हिरा आहेत

आमचे भाऊजी हिरा आहेत. हे मी म्हणत नाही आणि ताई तर मुळीच म्हणत नाही. रॉयल कॅरिबियन ही क्रूझ कंपनी म्हणते. तिच्या 'क्राउन अँड अँकर सोसायटी'त 3 गुणांना माणूस गोल्ड होतो, 30 ला प्लॅटिनम, 55 ला एमराल्ड आणि 80 ला डायमंड. जहाजावर काढलेल्या एका रात्रीला एक गुण. त्या रात्री काही करून दाखवावं लागत नाही, घोरत पडलं तरी चालतं. इतक्या सोप्या परीक्षेला भाऊजींना उभ्या आयुष्यात कोणी बसवलं नव्हतं.

ते न्यू जर्सीत एडिसनला राहतात, पेशाने अकाउंटंट. क्रूझची जहाजं सुटतात ते बेयॉनचं बंदर गाडीने जाण्याइतकं जवळ. पहिल्या सफरीला ताईने त्यांना अक्षरशः ओढत नेलं होतं. "चहूकडे पाणी, त्यात बघायचं काय?" हा त्यांचा तेव्हाचा मुद्दा. आता ते पाणी बघतच नाहीत, गुण बघतात. बर्म्युडा कितव्यांदा, हा ताईचा प्रश्न त्यांना पोरकट वाटतो. प्रश्न असा विचारायचा असतो, की बर्म्युडा किती रात्रींचं?

हिऱ्याला काय मिळतं? रोज चार पेयं फुकट. कंपनीच्या मनात अर्थातच कॉकटेल असणार. भाऊजींच्या गळ्यात तुळशीची माळ! पण चार पेयं कार्डावर जमा होतात आणि आज न घेतलेलं पेय उद्या मिळत नाही, हे कळल्यावर जमाखर्चात मुरलेला माणूस गप्प कसा बसेल? सकाळी एक कॅपुचिनो, दुपारी दुसरी, संध्याकाळी तिसरी, आणि रात्री अकराला चौथी, "वाया नको जायला" म्हणून. मग पहाटेपर्यंत डेकवर येरझाऱ्या. ताईला काही दिवस वाटत होतं की समुद्राने यांना कवी केलं.

हा सगळा प्रकार मला परका वाटला नाही. आपल्याकडच्या लग्नातलं मानपान ज्याने पाहिलंय, त्याला क्रूझ कंपन्यांचं शास्त्र नव्याने शिकवावं लागत नाही. विहीणबाईंना मिळालेल्या साडीची किंमत महत्त्वाची नसते. मावसविहिणीच्या साडीपेक्षा ती वरची आहे ना, एवढंच बघायचं असतं. जहाजावरही तसंच. कुणाच्या कोटाला पिन, कुणाला वेगळी रांग, कुणाला दार लोटून आत जायचं खास लाउंज. कंपनीला यातल्या कशालाच फारसे पैसे पडत नाहीत. पण शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं कार्ड खालच्या रंगाचं असलं, की भाऊजींना जेवण रुचकर लागतं.

नियमही एखाद्या मुरब्बी सासूने लिहिल्यासारखे. नवराबायकोपैकी ज्याचा दर्जा वरचा, तो दुसऱ्यालाही मिळतो. अट एवढीच की दोघांचा पत्ता एक हवा. प्रेमाची अट नाही. आणि खोलीत एकटाच प्रवासी असेल, तर त्याला रात्रीला दुप्पट गुण, कारण दुसऱ्या माणसाचं भाडंही तोच भरत असतो. हा नियम वाचल्यावर भाऊजींनी ताईला सुचवलं, की पुढच्या खेपेला आपण दोन वेगळ्या खोल्या घेऊन बघू. त्यानंतर जहाज बंदराला लागेपर्यंत ताई बोलली नाही. भाऊजींना ते उशिरा लक्षात आलं. ते बेरीज करत होते.

इतर कंपन्यांचे मान वेगळे. हॉलंड अमेरिका लाइन चक्क पदकं देते. 100 दिवसांना कांस्य, 300 ना रौप्य, 500 ना सुवर्ण, 700 ना प्लॅटिनम, आणि ती समारंभ करून दिली जातात. खाशाबा जाधवांना 1952 मध्ये ऑलिंपिकच्या कांस्यपदकासाठी वर्गणी जमवून हेलसिंकी गाठावं लागलं आणि तिथे पुन्हा कुस्त्याही माराव्या लागल्या. इथे तिकीट काढायचं आणि वेळेवर जेवायला जायचं.

ताईला मात्र प्रिन्सेस या कंपनीचा एलिट दर्जा पटतो. 15 सफरी किंवा 150 दिवस झाले की कपडे फुकट धुऊन, इस्त्री करून मिळतात. "यालाच मी मान म्हणते," असं ती म्हणते. मलाही तसंच वाटतं.

या क्रूझ-पंथाचे एक महापुरुष आहेत, मियामीचे मारिओ साल्सेडो. नोकरी सोडून त्यांनी जहाजावरच मुक्काम ठोकला, हजाराहून जास्त सफरी केल्या, आणि डेकवरच्या एका टेबलालाच ऑफिस करून लोकांच्या गुंतवणुकी सांभाळल्या. लान्स ओपेनहाइम या दिग्दर्शकाने 2018 मध्ये त्यांच्यावर लघुपट काढला. भाऊजींनी तो मला दोनदा दाखवला. दुसऱ्यांदा ताई उठून स्वयंपाकघरात गेली.

मध्यंतरी दोघं भारतात आली तेव्हा मुंबई-गोवा असा कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या 'एम्प्रेस' जहाजावरून प्रवास झाला. ही 'एम्प्रेस' म्हणजे पूर्वी रॉयल कॅरिबियनचीच. 1990 मध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' नावाने ती सेवेत दाखल झाली आणि 2021 मध्ये आपल्या किनाऱ्यावर आली. भाऊजींनी काउंटरवर जाऊन विचारलं, "जहाज तेच आहे, तर या रात्री माझ्या खात्यात धरतील का?" समोरच्या मुलीने इतक्या गोड आवाजात नाही म्हटलं, की त्यांना हो ऐकू आलं. पुढे दोन महिने ते खातं तपासत होते.

त्यांच्या नेहमीच्या जहाजावर खोली आवरायला मडगावचा एक मुलगा असतो. गोव्यात तारवटी म्हणून घराण्यांच्या पिढ्या बोटीवर गेल्या, त्यातलाच. घर सोडून महिनोन् महिने तो समुद्रावर असतो. रात्री मोजायच्या म्हटल्या तर त्याच्यापुढे भाऊजी अजून बालवाडीत आहेत. त्याला एकही गुण मिळत नाही. उलट हिरेमंडळींच्या टॉवेलचा हत्ती तोच करतो.

आणि मान दिला की तो काढून घेण्याचा प्रसंगही येतोच. 2025 मध्ये कार्निव्हल या क्रूझ कंपनीने जाहीर केलं, की यापुढे दर्जा दिवसांवर नाही, खर्च केलेल्या पैशांवर ठरेल, आणि तो दर दोन वर्षांनी नव्याने कमवावा लागेल. वर्षानुवर्षं निष्ठेने बुफे जेवलेली माणसं खवळली. खवळतील नाहीतर काय? विहीणबाईंना कोणी म्हणून बघा, की तुमचा मान पुढच्या परीक्षेपर्यंतच! भाऊजींची कंपनी वेगळी, त्यांचं एका पैचं नुकसान नव्हतं, तरी त्या रात्री त्यांनी पिठलं-भात अर्धवट टाकला.

त्यांची नजर आता पिनॅकल क्लबवर आहे. त्याला 700 गुण लागतात. तो टप्पा गाठला की कंपनी 7 रात्रींची एक सफर फुकट देते. 700 वर 7. मी हा भागाकार कागदावर करून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "अरे, पण बाल्कनीची खोली देतात!"

शेकडा एक. या दराने भाऊजी आपल्या कुठल्याही अशिलाला एक डॉलरही गुंतवू देणार नाहीत.