पुन्हा अर्ज करावा

अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतर कायद्यातल्या कलम २१४(ब) इतकी समतावादी तरतूद शोधून सापडणार नाही. पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक जण तिथे कायमचा राहायलाच निघालाय, असं हे कलम आधीच धरून चालतं. मग तो बड्या पगाराचा इंजिनिअर असो, की लेकीच्या बाळंतपणासाठी डिंकाचे लाडू वळून बसलेली साताऱ्याची आई. उलट सिद्ध करायचं ते तुम्ही, खिडकीपाशी उभ्यानं, दोन-तीन मिनिटांत. नकार मिळाला तर अपील नाही, म्हणजे वकील आणि तारखांचा खर्च वाचला. शिवाय १८५ डॉलर पुन्हा भरले की पुन्हा अर्ज करता येतो, हवा तितक्या वेळा. काय हे औदार्य!

परिस्थिती बदलली असेल तर जरूर या, असा प्रेमळ सल्लाही मिळतो. मायदेशाशी घट्ट बंध दाखवा, म्हणजे नोकरी, घर, संसार. आता निवृत्त, विधवा आईनं कोणता बदल घडवावा? दुसरं लग्न?

त्यापेक्षा पतसंस्थेतून कर्ज काढून फी भरत राहावी. चार-सहा नकारांत हप्ते असे वाढतील, की सातारा सोडायची सोयच उरणार नाही. बंध सिद्ध!

फी परत मिळत नाही. 'यापूर्वी व्हिसा नाकारला होता का?' या रकान्यात 'हो' असंच लिहावं.