शाईवर भांडण, यादीकडे पाठ

15 जानेवारी 2026 ला पनवेलसह राज्यातल्या 29 महापालिकांचं मतदान झालं. मतदान चालू असतानाच बोटावर मार्करने लावलेली शाई पुसून दाखवणारे व्हिडिओ फिरू लागले. हे मार्कर 2011 पासून वापरतोय, असं राज्य निवडणूक आयोगाने सांगितलं. तोवर नवीन पनवेलपासून खारघरपर्यंत घराघरांत वाद पेटले होते. आमच्याही.

काका म्हणाले, "सगळं आधीच ठरलेलं असतं. म्हणून तर मी गेलोच नाही मताला." बाबांनी ऐकवलं, "प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच लागलीय तुम्हाला. सरकार चालवणाऱ्यांना कळतं काय करायचं ते." जेवणं होईपर्यंत दोघांत बोलणं बंद.

माझ्या मते दोघेही चुकतात, आणि चूक एकच आहे. एकाला सगळंच खोटं वाटतं, दुसऱ्याला सगळंच खरं. तपासायला दोघांपैकी कोणीही उठत नाही.

शाईचंच घ्या. शाई पुसता आली म्हणून दुसरं मत देता येत नाही. त्यासाठी दुसऱ्या यादीत आपलं नाव लागतं, नाहीतर दुसऱ्याच्या नावावर उभं राहावं लागतं. म्हणजे खरा प्रश्न बोटाचा नाही, मतदार यादीचा आहे. आणि पनवेलच्या यादीबद्दलची ओरड काही व्हॉट्सॲपवर जन्मलेली नाही. शेतकरी कामगार पक्षाने इथल्या दुबार नावांची तक्रार लावून धरली होती. 1 नोव्हेंबर 2025 ला विरोधी पक्षांनी मुंबईत 'सत्याचा मोर्चा' काढला तोही याच विषयावर. आयोगानेही संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापायला सांगितले. कट म्हणून उडवून लावावी अशी ही शंका नव्हती. नावानिशी तपासता येईल अशी होती.

ती माझ्या चुलत बहिणीने तपासली. काकांचंच नाव आधी टाकलं. पनवेलच्या यादीत ते होतं आणि महाड तालुक्यातल्या गावच्या यादीतही होतं. तेच नाव, तेच वडिलांचं नाव, वयात दोन वर्षांचा फरक. तिने मोबाइल काकांपुढे धरला. काका म्हणाले, "गावाला नाव असलेलं बरं. जमिनीची कामं पडतात."

हे वाक्य पनवेलमध्ये कितीतरी घरांत ऐकू येईल. मुंबईतून इथे घर घेतलेला म्हणतो, जुन्या पत्त्यावरचं राहू दे. कोकणातून, साताऱ्याहून आलेला म्हणतो, गावचं राहू दे. सातबाऱ्याचा आणि मतदार यादीचा काहीही संबंध नाही, तरी नाव राहू देतात. एका माणसाचं नाव दोन ठिकाणी नसावं, असं 1950 चा लोकप्रतिनिधित्व कायदा स्पष्ट सांगतो. घोटाळा करायला नेहमीच मंत्रालयात बसलेला कोणी लागतो असं नाही. आपण प्रत्येकाने एकेक नाव तसंच ठेवलं तरी यादी फुगते, आणि त्या फुगलेल्या यादीचा फायदा कोणीतरी उचलतोच.

आता बाबांच्या बाजूला. प्रश्न विचारूच नयेत असं म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं, की लोकसभा-विधानसभेच्या यंत्राला कागदी पावती दाखवणारं व्हीव्हीपॅट असतं, मग महापालिकेच्या यंत्राला का नाही? 2024 च्या विधानसभेनंतर 288 मतदारसंघांत प्रत्येकी पाच, अशा 1440 व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या आणि ताळा जुळला, असं राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितलं. छान झालं. मग तोच ताळा प्रभागातही घेऊ द्या. उलट सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीने डिसेंबर 2024 मध्ये गावापुरतं कागदावर मतदान करून बघायचं ठरवलं, तर जमावबंदी लावून ते थांबवलं. त्या मतदानाला कायद्याने काही किंमत नव्हती हे मान्य. पण शंका दाबली की ती मरत नाही, दुप्पट होते. मारकडवाडीच्या लोकांना निदान घराबाहेर पडून बघावंसं वाटलं. काकांना तेही वाटलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आणि ज्यावर दोघांनीही आवाज चढवायला हवा होता त्यावर आमच्या घरात कधी वाद झालाच नाही. पनवेल महापालिकेच्या पहिल्या सभागृहाची मुदत 2022 च्या जुलैत संपली. त्यानंतर साडेतीन वर्षं या शहरात एकही नगरसेवक नव्हता. प्रशासक होता. आरक्षणाचा खटला, प्रभागरचनेचे बदल, तारखांवर तारखा. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये निवडणुका घ्या असं बजावलं आणि पुढे 31 जानेवारी 2026 ची मुदत घातली, तेव्हा कुठे मतदान झालं. मालमत्ता कराची बिलं मात्र त्या काळातही येत राहिली. सिडकोला सेवाशुल्क भरलेल्या वसाहतींनी दुहेरी कराची तक्रार न्यायालयापर्यंत नेली, पण जाब विचारायला आपला निवडलेला माणूस सभागृहात नव्हता. हे सगळं दिवसाढवळ्या, वर्तमानपत्रात छापून घडलं. यात लपवलेलं काहीच नव्हतं, म्हणून बहुधा कोणाला फॉरवर्ड करावंसं वाटलं नाही.

काकांनी नाव काढायचा फॉर्म 7 अजून भरलेला नाही. बहीण पाठीमागे लागली आहे. तुमच्याही घरात असे काका असतील, बाबा असतील. त्यांच्याशी वाद जरूर घाला, पण आधी यादीत सगळ्यांची नावं शोधा. दोन ठिकाणी सापडलं तर एक काढायला फॉर्म 7, पत्ता बदलायचा असेल तर फॉर्म 8, नावच नसेल तर फॉर्म 6. घरबसल्या भरता येतात, पैसे लागत नाहीत. पुढची निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका. याच आठवड्यात भरा.