आजन्म परवानाधारक

दापोडीच्या पुलापासून थेट चाकणच्या पलीकडील माळापर्यंत पसरलेल्या आमच्या औद्योगिक मुलखात, जेथे पूर्वी ज्वारी आणि कांदा पिकत असे आणि आता बहुतांशी मोटारींचे सुटे भाग पिकतात, तेथे प्रत्येक कारखान्यागणिक एक तरी इसम असा आढळतो, की ज्याला सायंकाळी सहानंतर यंत्रांविषयी कोणी अवाक्षर विचारीत नाही, परंतु ‘आज कुठे बसायचं?’ हा प्रश्न मात्र ज्याच्या अभिप्रायावाचून निकालात निघत नाही. मराठीत परीक्षेला बसतात, उपोषणाला बसतात, बोहल्यावर बसतात. कोठे अथवा कशाला, हे प्रत्येक वेळी सांगावे लागते. केवळ नुसते ‘बसणे’ हेच एक असे आहे, की त्याचा तपशील न देताही तो सर्वांस, आणि विशेषेकरून घरच्या मंडळींस, तत्काळ कळतो.

आमच्या कारखान्यातील या पीठाचे अधिपती गुणवत्ता खात्यातले. त्यांचे खरे नाव हजेरीपटावर असून ते तेथेच असलेले बरे; आम्ही त्यांना आचार्य म्हणतो. दिवसभर मायक्रोमीटर हाती धरून दांड्यांचा व्यास तपासणारा हा गृहस्थ रात्री त्याच दृष्टीने पेला तपासतो, आणि दिवसा ज्या निर्विकार स्वरात ‘रिजेक्ट’ म्हणतो त्याच स्वरात रात्रीही म्हणतो. फरक इतकाच, की दिवसाचा नाकारलेला माल भंगारात जातो आणि रात्रीचा, पैसे दिलेले असल्यामुळे, पोटात जातो. पायांत कारखान्याचेच पोलादी टोकाचे बूट, खिशाला दोन पेने, आणि त्या पेनांच्या मागे, हृदयाच्या नेमक्या वर, प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला एक सरकारी दस्तऐवज, ही त्यांची ओळखीची खूण होय.

हा दस्तऐवज म्हणजे मद्यप्राशनाचा आजन्म परवाना. वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक नसेल, आणि ज्यांना ठाऊक आहे ते तसे कबूल करणार नाहीत, परंतु आपल्या राज्यात १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा अद्यापि अंमलात आहे. त्यामुळे ज्या खोलीस आपण बार म्हणतो ती सरकारदरबारी ‘परमिट रूम’ असून तेथे बसलेला प्रत्येक मनुष्य आरोग्याच्या जपणुकीसाठी औषधादाखल चार घोट घेण्यास अनुज्ञा मिळालेला एक नाजूक प्रकृतीचा अर्जदार आहे, असे कायदा मोठ्या ममतेने गृहीत धरतो. बीअरला एकवीस वर्षे पुरी असावी लागतात, त्याहून कडक पेयांस पंचवीस. बाकीचे सारे जग या परवान्यावाचून आरोग्य जपते. पण आचार्यांनी रीतसर अर्ज केला, शुल्क भरले, दोन खेपा घातल्या आणि छायाचित्र डकवून परवाना पदरात पाडून घेतला. छायाचित्रावर मात्र त्यांनी नव्याने खर्च केला नाही. शिकाऊ उमेदवारीच्या ओळखपत्रासाठी एकोणिसाव्या वर्षी काढलेल्या आठ प्रतींपैकी एक ट्रंकेच्या तळाशी उरली होती, तीच त्यांनी लावली. नियम काटेकोर पाळणाऱ्या मनुष्याने कोठे तरी काटकसर करावयाची असते.

आचार्यांच्या जीवनातील एकमेव दुःख असे, की इतक्या वर्षांत तो परवाना त्यांना कोणी कधीही मागितला नाही. नव्या बारमध्ये पाऊल टाकताच ते दरवाजातील माणसासमोर क्षणभर थांबतात, हात खिशाकडे नेतात आणि अपेक्षेने पाहतात. तो मनुष्य ‘या साहेब, एसीत बसा’ म्हणून दार उघडतो, आणि आचार्यांचा हात निराश होऊन खाली येतो. वाहन चालविण्याचा परवाना त्यांस चाळीस वेळा विचारला गेला आहे, आणि तो नेमका प्रत्येक वेळी घरी राहिलेला होता.

आरोग्याचा हा मुद्दा आम्ही चेष्टेवारी नेला, की आचार्य इतिहासात शिरतात. पिंपरीच्या औद्योगिक कारकीर्दीचा श्रीगणेशा मोटारींनी नव्हे, तर १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या पेनिसिलिनने झाला, आणि पेनिसिलिन हेदेखील पिंपातील किण्वनाचेच अपत्य होय, तेव्हा बीअर आणि इंजेक्शन ही एका गोत्रातील चुलत भावंडे आहेत, असा त्यांचा सिद्धान्त आहे. यातील पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्धातील नाते त्यांनी घरी एकदाच सांगून पाहिले. पुन्हा सांगितले नाही.

परंतु बीअर पिणे हे आचार्यांच्या मते केवळ तहान भागविणे. त्यांचा अभ्यासविषय कॉकटेल. या शब्दाचा उघड अर्थ कोंबड्याची शेपटी. त्या पक्ष्याचा उर्वरित भाग आमच्याकडे तंदूरमध्ये जातो आणि शेपटी तेवढी पेल्यात उतरते. आचार्यांची अशी श्रद्धा आहे, की या शास्त्राचे मूळ आपलेच. कारण साहेबाने ज्याला ‘पंच’ म्हटले ते मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला या पाच द्रव्यांवरून, आणि ‘पाच’ त्याने आपल्याकडूनच उचलले, असे व्युत्पत्तीचे जाणकारही सांगत आले आहेत. तत्त्व अगदी सोपे आहे: एक कडक, एक आंबट, एक गोड, आणि या तिघांची भांडणे मिटविण्यापुरता बर्फ. ज्यात लिंबाचा रस आहे ते खळखळून हलवावे, ज्यात निव्वळ मद्येच आहेत ते चमच्याने संथपणे ढवळावे. उलट केल्यास, आचार्यांच्या भाषेत, ‘लॉट होल्डवर’. ज्या लहानशा धातूच्या मापाने हे सारे मोजतात त्याचे इंग्रजी नाव जिगर. आणि फारसीत जिगर म्हणजे यकृत. दोन परक्या भाषांनी आपसांत काहीही न ठरविता दिलेला याहून स्पष्ट वैद्यकीय इशारा आमच्या पाहण्यात नाही.

सर्वांत कडक परीक्षा बर्फाची. पेला समोर येताच आचार्य प्रथम तो कानाशी नेतात, मग दिव्याकडे धरतात, आणि मग, आम्ही तहानेने व्याकूळ झालेलो असताना, व्याख्यान सुरू होते. बर्फाचा एकच मोठा ठोकळा असला तर त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी भरतो, म्हणून तो सावकाश वितळतो आणि पेय शेवटच्या घोटापर्यंत शुद्धीवर राहते. उलट चुरा टाकला तर पाच मिनिटांत सरबत होते. हे भौतिकशास्त्र निर्दोष असले, तरी व्याख्यान संपेपर्यंत मोठा ठोकळादेखील वितळलेला असतो, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आणून देण्याचे धैर्य आम्हांपैकी कोणाला झालेले नाही.

त्यांच्या मते आमच्या मुलखातील बारांच्या चार जाती आहेत. पहिली स्थानकालगतच्या जुन्या परमिट रूमची, जेथे दिवे इतके मंद असतात की शेजारच्या टेबलावर आपला फोरमन बसला आहे हे दोघांनाही सोयिस्करपणे दिसत नाही, आणि जेथे मिश्रणशास्त्राचा सारा विस्तार ‘सोडा की थम्सअप?’ या एका प्रश्नात आटोपतो. दुसरी नाशिक रस्त्यावरील, ‘गार्डन’ आणि ‘फॅमिली’ या दोन शब्दांच्या आश्रयाने उभी असलेली. त्यांपैकी गार्डन म्हणजे चार कुंड्या, आणि फॅमिली आम्हांस अद्याप दिसलेली नाही. तिसरी वाकड–हिंजवडीकडील गच्चीवरची, जेथे संगणकवाली तरुण मंडळी पेय येताच त्याचे छायाचित्र काढतात आणि ज्याला आचार्य ‘फायनल इन्स्पेक्शन’ म्हणतात ते मुळीच करीत नाहीत. चौथी चाकणच्या आसपास परदेशी पाहुण्यांसाठी उभारलेल्या मोठ्या हॉटेलांतील. तेथे बर्फ निर्दोष असतो, पण देयक पाहून मनुष्य स्वतःच गोठतो.

पहिल्या जातीच्या एका ठिकाणी, त्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही, आचार्यांनी एकदा व्हिस्की सावर मागविली. वाढप्याने ती काय असते हे विचारले. आचार्यांनी प्रेमाने सांगितले, की व्हिस्की, लिंबू, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग. वाढप्या ‘आत्ता आणतो’ म्हणून गेला, आणि व्हिस्कीचा लार्ज, दोन फोडी लिंबू, एका वाटीत साखर आणि उकडलेल्या अंड्याचा, पिवळे नीट काढून टाकलेला, वर चाटमसाला भुरभुरलेला पांढरा भाग घेऊन परतला. आचार्यांनी त्या ताटाकडे बराच वेळ पाहिले. ‘सामग्री ड्रॉइंगप्रमाणे आहे,’ ते अखेर म्हणाले, ‘असेंब्ली राहिली.’ मग त्यांनी लिंबू पिळले, साखर ढवळली आणि अंडे चकणा म्हणून खाल्ले. 

या चारही जातींपलीकडे आचार्यांचे काशीक्षेत्र म्हणजे पुण्याचा पूर्वभाग. कल्याणीनगरातील कॉबलर अँड क्रू या बारचे नाव ते तीर्थाचे घ्यावे तसे घेतात. आणि २००९ साली पुण्यात सुरू झालेल्या डुलाली या देशातील पहिल्या लघुमद्यशाळांपैकी एकीविषयी सांगताना त्यांचा मराठी अभिमान उचंबळून येतो, कारण डुलाली म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपली नाशिकजवळची देवळाली, जेथील छावणीत मायदेशीच्या बोटीची वाट पाहता पाहता गोऱ्या सोल्जरांची डोकी फिरत आणि ज्यामुळे ते नाव इंग्रजीत वेडेपणाचा पर्याय होऊन बसले. मात्र चाकणहून कल्याणीनगर तीस-एक किलोमीटर, आणि मध्ये चाकणचे चौक. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने लढविलेला चाकणचा संग्रामदुर्ग घेण्यास शाहिस्तेखानास पन्नासांहून अधिक दिवस लागले, हे आम्ही शाळेत घोकले होते. पण चाकणमध्ये शिरण्यापेक्षा चाकणमधून बाहेर पडणे दुष्कर आहे, हे शनिवारी सायंकाळी तळेगाव चौकात कंटेनरांच्या वेढ्यात अडीच तास सापडल्यावर कळले. ती मोहीम सहा वेळा निघाली आणि पाच वेळा मोशीच्या अलीकडेच, दुसऱ्या जातीच्या एका गार्डनात, चार कुंड्यांच्या सान्निध्यात विसर्जित झाली. सहाव्या वेळी आम्ही पोहोचलो तेव्हा शेवटची ऑर्डर घेऊन झाली होती. आचार्यांनी दरवाजाच्या काचेतून आतील बर्फ पाहिला आणि ‘उत्तम आहे’ असा दाखला देऊन ते परत फिरले.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत धामधुमीचा काळ म्हणजे २०१७ सालचा उन्हाळा. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांच्या पाचशे मीटरांच्या आत मद्यविक्री नसावी, हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१६ मधील हुकूम एक एप्रिलपासून रुजू झाला, आणि नाशिक रस्त्यावरील ओळीच्या ओळी अंधारल्या. इतरांनी हळहळ केली. आचार्यांनी टेप काढला. अंतर महामार्गाच्या बाहेरील कडेपासून मोजावयाचे की मध्यापासून, याचा त्यांनी निकालपत्र वाचून निर्णय केला, आणि दोन रविवार भर उन्हात, एका टोकाला एक शिकाऊ उमेदवार उभा करून, त्यांनी आठ बारांची मोजणी केली. पैकी एक चारशे ब्याण्णव मीटरांवर भरला. ‘आठ मीटरांनी आउट,’ ते खिन्नपणे म्हणाले. पुढे वीस हजारांहून कमी वस्तीच्या गावांस २२० मीटरांची सवलत आहे असे कळले, तेव्हा त्यांनी ‘टॉलरन्स दिला’ म्हणून न्यायालयाची प्रशंसा केली. आणि जुलैमध्ये महापालिकांच्या हद्दीतील रस्त्यांस तो हुकूम लागू नाही असा खुलासा झाला, तेव्हा त्यांस आनंदाऐवजी किंचित वाईटच वाटले, कारण मोजणीचा सारा तक्ता फुकट गेला होता.

येथे एक गोष्ट त्यांच्या बाजूने नमूद केली पाहिजे. एका अंगास देहू, दुसऱ्या अंगास आळंदी आणि मध्ये मोरया गोसावींचे चिंचवड, अशा पुण्यभूमीत राहणारा मनुष्य कितीही बसला तरी पुरता बसू शकत नाही. तुकोबांची पालखी आकुर्डीस मुक्कामाला येते त्या रात्री आचार्य पाण्याच्या बाटल्या वाटावयास उभे असतात, आणि त्या बाटल्यांचेही झाकण घट्ट आहे की नाही हे एकेक करून तपासतात. आषाढी एकादशीचा कोरडा दिवस ते सरकारच्या आज्ञेने पाळतात, श्रावण पत्नीच्या आज्ञेने, आणि या दोहोंच्या मध्ये येणारी दीप अमावस्या, जिला लोक दुसऱ्या नावाने ओळखतात, ती मात्र ते स्वेच्छेने पाळतात.

गेल्या महिन्यात त्यांच्या सेवानिवृत्तीनिमित्त आम्ही त्याच स्थानकालगतच्या परमिट रूममध्ये बसलो. वाढप्या नवा होता. बीडकडून आदल्या दिवशीच आलेला, मिसरूडही न फुटलेला मुलगा, मालकाने पढविलेले सारे नियम अक्षरशः पाळणारा. आचार्यांनी नेहमीप्रमाणे आपली मागणी सांगितली, तेव्हा तो घाबरत घाबरत म्हणाला, ‘साहेब, परमिट आहे का? मालक म्हणले, इचारायचं.’

टेबलावर शांतता पसरली. आचार्यांचा हात खिशाकडे गेला तेव्हा तो थरथरत होता. त्यांनी दोन्ही पेने काढून बाजूला ठेवली, प्लॅस्टिकचे पाकीट उघडले आणि देवाला नैवेद्य दाखवावा तसा तो परवाना दोन्ही हातांनी पुढे केला. मुलाने तो दिव्याखाली धरला. दाट केसांच्या, गालफडे बसलेल्या, शिकाऊ उमेदवाराच्या त्या चेहऱ्याकडे पाहिले. मग आचार्यांच्या टकलाकडे पाहिले. पुन्हा छायाचित्राकडे पाहिले, आणि अत्यंत आदराने म्हणाला, ‘साहेब, हे तुमच्या पोराचं आलंय चुकून. तुमचं दाखवा.’

आम्ही हसू आवरून धरले. आचार्य मात्र हसले नाहीत. त्यांनी परवाना परत घेतला, दिव्याकडे तिरपा धरला, आणि आयुष्यभर जे काम केले ते शेवटचे एकदा केले.

‘बरोबर आहे तुझं,’ ते म्हणाले. ‘याला पंचवीस पुरी झालेली नाहीत. याला देऊ नकोस.’

त्या रात्री त्यांनी लिंबू-सोडा घेतला. त्यात बर्फाचा नुसता चुरा होता. पण त्याविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही.