गिटारचा गळा कुणी दाबला?

‘बँड विकला गेला’ हा शेरा रॉकवाल्यांच्या ओठांवर कायम तयार असतो. स्वीडनच्या ‘युरोप’वर तो बसला ‘द फायनल काउंटडाउन’मुळे. माझं म्हणणं, ओरड चुकीच्या गाण्यावरून झाली.

कीबोर्डवरची ती तुतारीसारखी धून बँडचा गायक जोई टेम्पेस्टने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच बांधून ठेवली होती, तीही कीबोर्डवादक मिक मिकाएलीकडून मागून आणलेल्या कॉर्ग पॉलिसिक्स सिंथेसायझरवर. तेव्हा मागे ना मोठी कंपनी होती, ना अमेरिकी निर्माता. १९८६ च्या अल्बमसाठी ती बाहेर निघाली तेव्हाही हेतू एवढाच, की मैफलीची सुरुवात दणक्यात व्हावी. पाच मिनिटांच्या वर जाणारं गाणं सिंगल म्हणून आणायचा आग्रह कंपनीचा. मग ते ब्रिटनसकट कितीतरी देशांत पहिल्या क्रमांकावर गेलं. पोराने आपल्या हौसेपायी रचलेली धून गाजली, यात विकलं काय गेलं?

गिटारवादक जॉन नोरुमची तक्रार मात्र खरी होती. कीबोर्डच्या थराखाली त्याची गिटार दबली होती, आणि पोरींच्या खोलीतल्या पोस्टरवर मिरवणं त्याला मानवत नव्हतं. त्याच वर्षी, यश ऐन भरात असताना, तो बँड सोडून गेला. चालत्या गाडीतून असं उतरायला धमक लागते. त्याच्या जागी की मार्सेलो आला. वाजवायला तोही पक्का होता. पण आता निर्मात्याच्या खुर्चीत रॉन नेव्हिसन बसला होता, ‘हार्ट’ या बँडला १९८५ मध्ये रेडिओच्या सुरात बसवणारा.

त्याच्या हाताखाली काय झालं, ते ‘ओपन युअर हार्ट’मध्ये ऐका. हे गाणं बँडने दोनदा ध्वनिमुद्रित केलं: १९८४ च्या ‘विंग्ज ऑफ टुमॉरो’साठी आणि पुन्हा १९८८ च्या ‘आउट ऑफ धिस वर्ल्ड’साठी. पहिल्यात नोरुमची गिटार पुढे आहे, कडा खरखरीत आहेत, टेम्पेस्टचा आवाज वर चढताना ताणतो आणि तो ताणच काळजाला भिडतो. दुसऱ्यात सगळं जागच्या जागी आहे. कीबोर्ड मऊ गादी अंथरतात, ढोल घुमतात, एक सूर हलत नाही, आणि गाण्यातलं आर्जव कुठल्या कुठे जातं. चाल तीच, गाणारा तोच. पॉलिश मारायचा खरा गुन्हा इथे घडला, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही!

एवढं करून पदरात काय पडलं? अमेरिकेत ‘काउंटडाउन’ आठव्या क्रमांकापर्यंत गेलं होतं, पाठोपाठ ‘कॅरी’ तिसऱ्यापर्यंत. गुळगुळीत झालेल्या १९८८ च्या अल्बममधलं ‘सुपरस्टिशस’ एकतिसाव्यावर अडलं. १९९२ मध्ये बँडने दुकान बंद केलं.

पुढे बँड पुन्हा जमला, आणि नोरुम परतला तो २००४ च्या ‘स्टार्ट फ्रॉम द डार्क’मध्ये. गिटारी खालच्या पट्टीत, जड, समोरून अंगावर येणाऱ्या, आणि कीबोर्ड मागच्या रांगेत. मला हा अल्बम मनापासून आवडतो. ‘युरोप’ला १९८६ मध्येच निकालात काढणाऱ्यांना त्याबद्दल विचारून पाहा, बहुतेकांनी तो ऐकलेलाच नसतो.